हिप्पोचे पत्र, बेथलेहेमचे उत्तर

सामान्यकाळाच्या सत्ताविसाव्या सप्ताहातील बुधवारी, एक वर्षाआड, मिस्सेत गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील उतारा वाचला जातो. वाचक तो वाचून जागेवर जाऊन बसतो आणि आपण नुकतेच काहीतरी विलक्षण ऐकले, हे ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते. अंत्युखिया नगरात पेत्र प्रथम परराष्ट्रीय श्रद्धावंतांच्या पंक्तीला बसून जेवत असे. पुढे याकोबाकडून काही मंडळी आली. त्यांच्या धास्तीने पेत्राने ती पंक्ती सोडली. इतर यहुदी श्रद्धावंतांनी त्याचे अनुकरण केले; बर्णबासारखा माणूसदेखील त्या ओघात वाहून गेला. तेव्हा पौलाने प्रेषितांच्या प्रमुखाला सर्वांदेखत तोंडावर दोष दिला. पंक्तिभेद म्हणजे काय, हे आपल्या देशातील माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

काही वर्षांपूर्वी हे वाचन झाले, त्या दिवशी आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षकांनी मला सॅक्रिस्टीच्या दाराशी गाठले. म्हणाले, ‘‘फादर, पेत्र खरंच चुकला होता, की दोघांनी आधी ठरवून केलेलं ते? लहानपणी एका प्रवचनात तसं ऐकल्यासारखं आठवतं.’’ मी त्यांना दोन वाक्यांत उत्तर दिले आणि पुढच्या कामाला लागलो. परंतु गुरुजींचा प्रश्न दोन वाक्यांचा नव्हता. सोळाशे वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न पश्चिमेकडील ख्रिस्तसभेच्या दोन महान आचार्यांमध्ये उभा राहिला. एक होते बेथलेहेमच्या मठातील संत जेरोम, दुसरे आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे बिशप संत ऑगस्टीन. पेत्राने आपल्या धाकट्याकडून कानउघाडणी खरोखर ऐकून घेतली काय, हा त्यांच्या वादाचा विषय. आणि ती ऐकून घेणे आपल्याला जमते काय, ही वाद करता करता त्या दोघांचीच झालेली परीक्षा. पहिल्या परीक्षेचे पेपर ग्रंथालयांत सापडतात. दुसरीचे उत्तर त्यांच्या पत्रांच्या ओळींमधून शोधावे लागते.

जेरोम यांचा जन्म सुमारे ३४७ साली स्ट्रिडॉन गावी झाला. रोममध्ये शिक्षण, सिरियाच्या वाळवंटात तपश्चर्या, पोप दमासस यांच्या पदरी लेखनिकाचे काम, आणि पोप निवर्तल्यावर रोममधील निंदकांना कंटाळून पूर्वेकडे प्रस्थान. ३८६ साली ते बेथलेहेमात स्थिरावले आणि पुढची चौतीस वर्षे तेथेच राहिले. पॉला या धनाढ्य रोमन विधवेने आपली संपत्ती ओतून तेथे मठ उभे केले. लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या तिन्ही भाषांवर प्रभुत्व असलेला तसा दुसरा विद्वान त्या काळी पश्चिमेत नव्हता. त्यांच्या लेखणीला धार होती, आणि ती म्यानात ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. संत म्हणून आपण त्यांच्यापुढे मेणबत्ती लावतो. पण त्यांच्या शेजारच्या खोलीत राहण्याची इच्छा किती जणांना झाली असती, कोण जाणे!

ऑगस्टीन त्यांच्याहून सुमारे सात वर्षांनी लहान. जन्म ३५४ सालचा, आजच्या अल्जीरियातील तागास्ते गावचा. मिलान येथे ३८७ साली त्यांचा स्नानसंस्कार झाला. ३९१ साली हिप्पोच्या लोकांनी त्यांना जवळजवळ बळजबरीनेच धर्मगुरू करविले, आणि चार-पाच वर्षांत ते तेथील बिशप झाले. त्यांना हिब्रू येत नव्हते, ग्रीकही बेताचेच. परंतु एखाद्या विधानातून पुढे काय काय निष्पन्न होईल, हे पाहण्याची त्यांची दृष्टी अशी, की तिच्या तोडीची दृष्टी शोधूनही सापडत नाही.

वादाचे मूळ जेरोम यांच्या गलतीकरांस पत्रावरील भाष्यात आहे. ते त्यांनी बेथलेहेमला आल्यावर थोड्याच काळात लिहिले. अंत्युखियाच्या प्रसंगाचा अर्थ त्यांनी असा लावला, की पेत्र व पौल यांच्यात खरा मतभेद नव्हताच. यहुदी श्रद्धावंत दुखावू नयेत म्हणून पेत्राने पंक्ती सोडल्याचा देखावा केला. परराष्ट्रीय श्रद्धावंत खचू नयेत म्हणून पौलाने रागावल्याचा देखावा केला. दोघांचेही हृदय निर्मळ, दोघांचेही सोंग लोकांच्या हितासाठी. गुरुजींनी लहानपणी ऐकलेले प्रवचन याच भाष्याचा दूरचा प्रतिध्वनी असावा.

जेरोम यांना असा अर्थ का लावावासा वाटला, हे समजून घेतले पाहिजे; नाहीतर आपण त्यांच्यावर अन्याय करू. पॉर्फिरी नावाच्या ख्रिस्तविरोधी तत्त्ववेत्त्याने या प्रसंगाचा पुरेपूर उपयोग केला होता. पेत्र चुकला आणि पौल उद्धट निघाला. ज्यांच्या प्रमुखांचेच आपसांत पटत नाही त्यांच्या धर्मावर विश्वास कोणी ठेवावा, असा त्याचा रोख होता. शिवाय जेरोम आपल्या मनचे बोलत नव्हते. ओरिजेनपासून पूर्वेकडील अनेक ग्रीक भाष्यकारांनी तोच अर्थ सांगितला होता. प्रेषितांची अब्रू राखावी, एवढाच त्यांचा हेतू.

ऑगस्टीन यांना भीती होती ती निराळीच. तारुण्यातील सुमारे नऊ वर्षे त्यांनी मानीच्या पंथात घालविली होती. पवित्र शास्त्रातील जे वचन अडचणीचे वाटेल ते खोटे, नंतर कोणीतरी घुसडलेले, असे म्हणून बाजूला सारण्याची त्या पंथाची रीत त्यांनी आतून पाहिली होती. आता गलतीकरांस पत्रात पौल शपथेवर सांगतो की आपण लिहितो त्यात असत्य नाही. आणि त्याच पत्रात तो म्हणतो की पेत्र दोषी होता. पेत्र दोषी नव्हता आणि पौलाला ते ठाऊक होते, असे मानले तर पौलाने लिहून ठेवलेले असत्य ठरते. हेतू कितीही चांगला असो, पवित्र शास्त्रात एक सोयीचे असत्य मान्य केले की उद्या ज्याला जे वचन जड जाईल ते तो सोयीचे असत्य म्हणून झटकून टाकील. मग हाती काय उरणार? म्हणजे जेरोम प्रेषितांना सावरू पाहत होते आणि ऑगस्टीन प्रेषितांच्या शब्दाला. दोघांच्याही मनात ख्रिस्तसभेविषयीची कळकळ होती. वाद विकोपाला जातात ते बहुधा अशाच ठिकाणी.

आता पत्रांची कहाणी ऐका. ३९४–९५च्या सुमारास, अजून बिशप झाले नव्हते तेव्हा, ऑगस्टीन यांनी जेरोम यांना पहिले पत्र लिहिले. त्यांचे मित्र अलिपियस बेथलेहेमला जाऊन जेरोम यांना भेटून आले होते, त्या ओळखीचा धागा धरून. पत्रात दोन गोष्टी होत्या. एक, जुन्या कराराचे थेट हिब्रूतून नवे लॅटिन भाषांतर करण्यापेक्षा सत्तर पंडितांच्या सर्वमान्य ग्रीक भाषांतराला धरून काम करावे, ही विनंती. दुसरी, पेत्र-पौलाच्या प्रसंगाविषयीची शंका. पत्र घेऊन जाण्याचे काम प्रोफुतुरस नावाच्या धर्मबंधूकडे होते. तो निघणार तोच त्याला बिशप केले गेले आणि थोड्याच काळात तो वारला. पत्र आफ्रिकेतच राहिले.

काही वर्षांनी ऑगस्टीन यांनी त्याच विषयावर दुसरे पत्र लिहिले. ते पौल नावाच्या माणसाच्या हाती दिले. त्याला समुद्रप्रवासाची भीती वाटली आणि तो बेथलेहेमला गेलाच नाही. पण पत्र मात्र गेले. जेरोम यांच्याकडे नव्हे, तर इटलीत. रोममध्ये त्याच्या नकला निघाल्या, एकाकडून दुसऱ्याकडे गेल्या. जेरोम यांच्या मित्रांनी ते वाचले, शत्रूंनी चवीने वाचले. ज्याच्या नावाने ते लिहिले होते तोच तेवढा वाचायचा राहिला. पुढे सिसिनियस नावाच्या एका उपधर्मगुरूला एड्रियाटिक समुद्रातील एका बेटावर त्याची नक्कल सापडली आणि त्याने ती बेथलेहेमला पोहोचविली. तिच्यावर सही नव्हती. दरम्यान आफ्रिकेच्या बिशपांनी जेरोमविरुद्ध पुस्तक लिहून रोमला पाठविले आहे, अशी आवई उठली होती.

पत्राचा सूरही निर्दोष नव्हता, हे मान्य केले पाहिजे. स्तेसिकोरस नावाच्या ग्रीक कवीची एक दंतकथा आहे. हेलनची निंदा केल्यामुळे त्याची दृष्टी गेली आणि निंदा मागे घेणारे काव्य रचल्यावर ती परत आली. ऑगस्टीन यांनी जेरोम यांना सुचविले होते, की त्यांनीही तसेच आपले शब्द मागे घेणारे गीत गावे. ज्याने अजून चार वर्षेही बिशपपद सांभाळले नाही अशा माणसाने, ज्याच्या ज्ञानापुढे सारे जग नमते त्या वडीलधाऱ्याला, असे लिहावे! ऑगस्टीन यांचे मन निर्मळ होते, पण त्या उपमेत तारुण्याची घमेंड अजून पुरती विरघळली नव्हती. शिवाय इतके नाजूक पत्र कोणाच्या हाती दिले, ते पोहोचले की नाही, याची त्यांनी वेळीच चौकशी केलेली दिसत नाही. आपण पाठविलेला मजकूर प्रथम कोणाच्या डोळ्यांपुढे जाईल याचा विचार न करण्याची सवय आजच्या यंत्रयुगाने शोधून काढलेली नाही, एवढेच म्हणतो.

जेरोम संतापले, यात नवल नाही. ४०२ व त्यानंतरची त्यांची उत्तरे वाचताना हसूही येते आणि वाईटही वाटते. व्हर्जिलच्या महाकाव्यात तरुण मल्ल दारेस याला वृद्ध एंटेलस लोळवतो, त्याची ते आठवण करून देतात. थकलेला बैल पाय अधिक घट्ट रोवतो, असे बजावतात. पत्रातील गोड शब्द त्यांना मध लावलेल्या तलवारीसारखे वाटतात. माझ्या जवळचे काही धार्मिक लोक म्हणतात की तुम्ही हे साधेपणाने केलेले नाही, माझ्या जिवावर नाव मिळवायला केले आहे, असेही ते कळवितात. जवळची माणसे! पुढे येणाऱ्या गोष्टीत तीच पुन्हा भेटतील.

पण या रागातही जेरोम यांनी एक गोष्ट केली, जिच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते. त्यांनी प्रत्युत्तर लिहिले नाही. हे पत्र खरोखर तुमचे आहे काय, असल्यास स्वतःच्या सहीनिशी पाठवा, असे त्यांनी विचारले. तुम्ही माझ्याच श्रद्धेच्या सहभागितेतील बिशप आहात. खात्री झाल्यावाचून तुमच्याविरुद्ध लेखणी उचलणे मला शोभणार नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एकही वाद अंगावर आलेला सोडला नाही, त्याने सही नाही म्हणून वर्षानुवर्षे हात आवरावा, ही लहान गोष्ट नव्हे.

हा संयम त्यांनी कोठून शिकला असेल? माझ्या मते एका ताज्या जखमेतून. रुफिनस हे जेरोम यांचे तरुणपणापासूनचे मित्र. दोघे अक्विलेया नगरीत एकत्र होते, दोघांनी पवित्र भूमीत मठवास पत्करला. ओरिजेनच्या शिकवणीवरून ३९३ नंतर त्यांच्यात बिनसले, तरी ३९७ साली समेट झाला होता. ३९८ साली रुफिनस यांनी रोममध्ये ओरिजेनच्या एका ग्रंथाचे लॅटिन भाषांतर केले आणि प्रस्तावनेत, नाव न घेता पण कोणालाही कळेल अशा शब्दांत, जेरोमही पूर्वी ओरिजेनचे प्रशंसक होते हे सुचविले. रोममधील जेरोम यांच्या मित्रांनी ताबडतोब बेथलेहेमला निरोप धाडला. जेरोम यांनी दोन पत्रे पाठविली. एक मित्रांसाठी, सर्वांना दाखवावे असे, कडक शब्दांचे. दुसरे खुद्द रुफिनस यांना, तक्रारीचे असले तरी मैत्री टिकावी अशा भावनेने लिहिलेले. पम्माकियस व इतर मित्रांनी कडक पत्र सर्वत्र फिरविले आणि मैत्रीचे पत्र रुफिनस यांना दिलेच नाही. त्या एका अडवून ठेवलेल्या पत्राची किंमत मोठी पडली. ४०१–०२ मध्ये दोघांनी एकमेकांविरुद्ध ग्रंथ लिहिले. एकमेकांच्या श्रद्धेवर, भाषेवर, चारित्र्यावर ओरखडे काढले. रुफिनस ४११च्या सुमारास सिसिलीत वारले, तेव्हाही जेरोम शांत झाले नाहीत. यहेज्केलवरील भाष्याच्या प्रस्तावनेत, विंचू सिसिलीच्या मातीखाली गाडला गेला, अशा अर्थाचे त्यांनी लिहून ठेवले. चाळीस वर्षांच्या ओळखीचा हा मृत्युलेख!

ही भांडणे ऑगस्टीन यांच्यापर्यंत पोहोचली होती. ४०४च्या सुमारास त्यांनी जेरोम यांना लिहिलेल्या पत्रात आपल्या बाजूचे समर्थन थोडे आणि या तुटलेल्या मैत्रीबद्दलचा शोक फार आहे. पवित्र शास्त्राचा मध ज्यांनी एकत्र चाखला त्यांच्यात एवढा कडवटपणा शिरू शकतो, तर उद्या आपले काय होईल, हे भय त्यात उघड दिसते. तुम्ही दोघे मला एका ठिकाणी भेटलात तर मी तुमच्या पाया पडेन, रडेन, विनवीन, असे ते लिहितात. स्वतःच्या पहिल्या पत्राने जेरोम दुखावले गेले असतील तर ते क्षमा मागतात. ते पत्र त्यांच्या इच्छेविरुद्ध पसरले असूनही. आणि एक तोड सुचवितात. एकमेकांचे लिखाण तपासताना मन दुखावल्याची शंका टाळता येत नसेल, तर हा विषय येथेच सोडून देऊ. ज्ञान थोडे कमी मिळाले तरी चालेल, प्रीतीला धक्का लागता कामा नये.

हा प्रसंग तेथेच आवरला असता तर ती नुसती सभ्यता झाली असती. तसे घडले नाही. ४०३ साली ऑगस्टीन यांनी जुन्या पत्रांच्या प्रती सिप्रियन नावाच्या विश्वासू उपधर्मगुरूबरोबर पाठविल्या होत्या. त्यांच्यासोबतच्या नव्या पत्रात त्यांनी एक गंमतीदार आणि गंभीर हकीकत कळविली. ओएआ येथे, म्हणजे आजच्या लिबियातील त्रिपोली येथे, तेथील बिशपांनी उपासनेत योनाचे पुस्तक जेरोम यांच्या नव्या भाषांतरातून वाचविले. योनाच्या डोक्यावर सावली धरणाऱ्या वनस्पतीचे नाव जुन्या भाषांतरात भोपळ्याचा वेल असे होते. जेरोम यांनी आयव्ही या वेलीचे नाव घातले होते. पिढ्यान्‌पिढ्या कानांत बसलेला शब्द बदलला गेला आणि मंदिरात गदारोळ उठला. बिशपांना शहरातील यहुद्यांकडे जाऊन खरे काय ते विचारावे लागले. त्यांनी जुन्या शब्दाच्या बाजूने कौल दिला. अखेर लोक आपल्याला सोडून जातील या भयाने बिशपांनी तो शब्द दुरुस्त केला. प्रार्थनेतील एखादा जुना शब्द बदलल्यावर गायकवृंदातील वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यांवर जे उमटते ते ज्या धर्मगुरूने पाहिले आहे, त्याला ओएआच्या बिशपांची अवस्था कळेल.

४०४ साली जेरोम यांचे सविस्तर उत्तर आले. सिप्रियन परतीच्या घाईत होता, म्हणून ते भराभर सांगून लिहवून घेतलेले. पण काय उत्तर आहे! पेत्राच्या प्रश्नावर त्यांनी ग्रीक भाष्यकारांची मालिकाच उभी केली. चुकलोच असेन तर एवढ्या मोठ्या मंडळींबरोबर चुकू द्या, असा त्यांचा पवित्रा होता. मग त्यांनी उलट सवाल केला. पौलाने यहुद्यांच्या भीतीने तीमथ्याची सुंता केली, यरुशलेममध्ये यहुदी रीतीने नवस फेडला; जे त्याने स्वतः केले त्याबद्दल तो पेत्राला कोणत्या तोंडाने दोष देईल? हा सवाल खरोखर बिनतोड होता. पुढे त्यांनी असाही ठपका ठेवला, की यहुदी श्रद्धावंतांनी जुने विधी पाळण्यात गैर नव्हते असे म्हणणे म्हणजे एबियोनी पाखंडाला दार उघडणे होय. भोपळ्याच्या बाबतीत ते अधिक खेळकर आहेत. मूळ हिब्रू शब्द एका रुंद पानांच्या झुडुपाचा आहे, ते पॅलेस्टाईनमध्ये वाळूच्या जागी झपाट्याने वाढते. लॅटिनमध्ये त्याला नाव नाही. हिब्रू शब्द तसाच ठेवला तर कोणाला कळणार नाही, आणि भोपळा लिहिला तर मुळात नसलेले लिहिल्यासारखे होईल. म्हणून जुन्या इतर भाषांतरकारांना अनुसरून मी आयव्ही लिहिले. आजचे पुष्कळ अभ्यासक ते झुडूप एरंडाचे मानतात. म्हणजे भोपळाही नव्हे आणि आयव्हीही नव्हे; आपल्या परसातला एरंड! शेवटी, मला म्हाताऱ्याला आता मठाच्या कोपऱ्यात स्वस्थ राहू द्या, तुम्ही तरुण आहात, लोकांना शिकवा, अशी विनवणी. त्यानंतरच्या एका लहान पत्रात त्यांचा सूर निवळलेला आहे. पवित्र शास्त्राच्या मैदानात आपण एकमेकांना इजा न करता खेळू या, असे ते सुचवितात.

ऑगस्टीन यांचे अखेरचे मोठे उत्तर ४०५च्या सुमाराचे आहे. मला स्वतःला या साऱ्या पत्रव्यवहारात ते सर्वांत थोर वाटते. प्रथम ते नम्रपणे सांगतात, की खेळ हा शब्द मला मानवत नाही. हा विषय खेळण्याचा नव्हे, कष्टाने शोधण्याचा आहे. म्हणजे शांतता राखण्यासाठी मुद्दा सोडणे त्यांना मंजूर नव्हते. थोर लेखकांच्या यादीला ते यादीने उत्तर देत नाहीत. शास्त्रग्रंथांच्या लेखकांनी चूक केलेली नाही एवढे मी मानतो; इतर लेखक कितीही पवित्र व विद्वान असोत, त्यांचे म्हणणे त्यांनी पटवून दिले तरच मी स्वीकारतो, आणि हाच नियम तुम्ही स्वतःच्या ग्रंथांनाही लावत असाल, अशी माझी खात्री आहे, असे ते लिहितात. तीमथ्याच्या सुंतेचे उत्तरही त्यांच्यापाशी होते. पहिल्या पिढीतील यहुदी श्रद्धावंतांनी आपल्या पूर्वजांचे विधी मानाने पाळावेत, यात गैर नव्हते. आईचे शव रस्त्यावर टाकून देत नाहीत, सन्मानाने पुरतात. तसे ते होते. पण ते त्या पिढीपुरतेच. आज कोणी ते पाळावेत असे मी म्हणत नाही. पेत्राची चूक विधी पाळण्यात नव्हती. परराष्ट्रीयांनीही ते पाळलेच पाहिजेत असे त्याच्या वागण्यातून सूचित होत होते, ही त्याची चूक होती.

मग ते पेत्राकडे वळतात. सत्यासाठी पौलाने धैर्याने बोलावे, हे स्तुत्यच. पण पेत्राने आपल्यामागून आलेल्याकडून झालेली कानउघाडणी प्रेमाने व नम्रतेने ऐकून घ्यावी, हे त्याहून दुर्मीळ आणि त्याहून पवित्र उदाहरण आहे. जेरोम पेत्राची अब्रू वाचविण्यासाठी त्याची चूक नाकारत होते; ऑगस्टीन म्हणत होते, चूक नाकारली तर पेत्राच्या मुकुटातील सर्वांत सुंदर रत्नच आपण काढून घेतो. हे लिहीत असताना पौलाच्या जागी आपण आणि पेत्राच्या जागी वृद्ध जेरोम उभे आहेत, हे त्यांना दिसत नसेल काय? दिसत होते, असे मला वाटते. कारण त्याच पत्रात ते तराजू उलटा धरतात. ख्रिस्तसभेच्या रूढ पदव्यांनुसार बिशप धर्मगुरूहून मोठा असेल, पण ऑगस्टीन अनेक बाबतींत जेरोमहून लहान आहे. आणि सुधारणा धाकट्याकडून आली तरी ती झिडकारू नये. त्यांनी नुसते लिहिले नाही. हिब्रूतून थेट भाषांतर करण्याचा उपयोग काय, हे तुम्ही मला पटवून दिलेत, अशी कबुली त्यांनी तेथेच दिली. उपासनेत मात्र ते भाषांतर वाचावे, याला त्यांची तयारी नव्हती. ओएआची आठवण ताजी होती. पुढे शतकांच्या ओघात पश्चिमेकडील सारी ख्रिस्तसभा जेरोम यांचेच भाषांतर वाचू लागली. म्हणजे पेत्राच्या प्रश्नावर ख्रिस्तसभेने बहुतांशी ऑगस्टीन यांचे ऐकले आणि भाषांतराच्या प्रश्नावर जेरोम यांचे.

या पत्राला जेरोम यांचे थेट उत्तर उपलब्ध नाही. दहा वर्षे त्या विषयावर शांतता आहे. ४१५ साली पेलागियसच्या मताविरुद्ध जेरोम यांनी संवादरूपाने एक ग्रंथ लिहिला. त्यात बिशपही निर्दोष नसतो हे दाखविताना, पौलाने पेत्राला दोष दिल्याचे उदाहरण त्यांनी सरळ, खऱ्या चुकीचे उदाहरण म्हणून दिले. कोठेही खुलासा नाही, माघारीचे गीत नाही. ग्रंथाच्या ओघात एक वाक्य, एवढेच. ऑगस्टीन यांच्या ते लक्षात आले. ओशियानस नावाच्या परिचिताला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ते थोडक्यात नोंदविले. जेरोम यांनी या प्रश्नावर आमच्या हुतात्मा सिप्रियन यांचे मत स्वीकारले आहे, असे. आपले मत स्वीकारले, असे म्हणण्याचा मोह त्यांनी टाळला.

त्याच वर्षी ओरोसियस नावाचा तरुण धर्मगुरू हिप्पोहून बेथलेहेमला गेला. त्याच्याजवळ ऑगस्टीन यांची जेरोम यांना लिहिलेली दोन दीर्घ पत्रे होती. एक मानवी आत्म्याच्या उत्पत्तीविषयी, दुसरे याकोबाच्या पत्रातील एका कठीण वचनाविषयी. या वेळी टपाल भरवशाचे होते आणि पत्रे थेट जेरोम यांच्याच हाती पडली. ऑगस्टीन आता साठीचे, जगभर नाव झालेले. तरी त्या पत्रांत ते शिष्याच्या जागी बसून विचारतात. जेरोम यांनी पत्रांची स्तुती केली, पण उत्तर देण्यास सवड नाही असे कळविले. काळ कठीण होता. ४१६ साली हिंसक जमावाने बेथलेहेमच्या मठांवर हल्ला करून ते जाळले. एक उपधर्मगुरू मारला गेला, वृद्ध जेरोम कसेबसे वाचले. ४१८च्या सुमारास त्यांनी हिप्पोला लिहिलेल्या एका लहानशा पत्रात ऑगस्टीन यांचा, प्राचीन श्रद्धेची पुनःस्थापना करणारे म्हणून सारे जग त्यांच्याकडे आदराने पाहते, अशा शब्दांत गौरव केला आहे. मध लावलेल्या तलवारीची भाषा करणारा हाच हात! दोघांची प्रत्यक्ष भेट आयुष्यात कधीच झाली नाही. जेरोम ४२० साली निवर्तले.

४२६–२७ मध्ये ऑगस्टीन यांनी आपले सारे ग्रंथ पुन्हा चाळून, कोठे चुकलो, कोठे अपुरे लिहिले, याची नोंद करणारे एक पुस्तक तयार केले. माघारीचे गीत म्हणावे तर ते हेच. मात्र या वेळी ते त्यांनी स्वतःच गायिले. त्यात जेरोम यांना पाठविलेल्या त्या दोन पत्रांची नोंद आहे. ती पत्रे आपण जेरोम हयात असेपर्यंत कोणालाही नकलून घेऊ दिली नाहीत, असे ते सांगतात. जेरोम यांना कधीतरी सवड होईल, ते उत्तर लिहितील, आणि मग प्रश्न व उत्तर दोन्ही एकत्रच लोकांपुढे यावीत, म्हणून ते पाच वर्षे थांबले होते.